अंधार मागायला आलेली पाहुणी

८ तारीख, रविवार

चिरंजीवांचा फोन. आंघोळ झाली, चहा झाला, पेपर वाचून झाला, की रविवारी चिरंजीवांना आई आठवते. म्हणाला, "आई, अठ्ठावीसला नक्की ना? गाडी घेऊन येतो. सामान जास्त घेऊ नकोस."

मी म्हटलं, "मी सामानात धरलीय का वेगळी?"

हसला नाही. साहेब झालाय आता. साहेब लोकांना हसायला वरून परवानगी लागत असेल.

माझ्यासाठी खोली तयार केलीय म्हणे. रंगसुद्धा दिला. खिडकी आहे का विचारलं तर म्हणाला, एसी आहे. म्हणजे नाही.

मी हो म्हणून टाकलंय. त्याचं काही चुकत नाही. हे जाऊन चार वर्षं झाली. तळ्याच्या या काठाला आमचं एकटं घर, समोर पलीकडे बांध, बांधावर चौकी, मधे सगळं पाणी. वस्ती लांब. उद्या मी न्हाणीत घसरून पडले तर कळणार कुणाला? मासे सांगायला जाणार आहेत? परवा तापाने दुपारपर्यंत पडून होते. अंगणातला दिवा भर उन्हात जळत होता. काळं कुत्रं फिरकलं नाही.

फिरकला तो एक कुंभकर्ण. हा बांधावरचा वॉचमन, रात्रपाळीचा. आमचे हे पंपावर होते तेव्हापासून तिथेच आहे. रात्री ना कधी शिट्टी ऐकू येते, ना काठी आपटल्याचा आवाज. झोपायचा पगार घेतो, म्हणून मीच हे नाव ठेवलं. तर त्या दिवशी दुपारी सायकल धरून दारात उभा. "वहिनी, सुईदोरा आहे का?" मी अंगात ताप असताना म्हटलं, "शर्टाला एक बटण शिल्लक नाही, शिवणार काय, कपाळ?" दोरा घेऊन गेला आणि सुई कट्ट्यावर विसरला.

अशांच्या भरवशावर तळं आहे. देवच राखतो.

१० तारीख, मंगळवार

आज घरात माणूस आलं!

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढत होते तर फाटकाशी एक बाई. तिशीची असेल. केस पोरासारखे कापलेले, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, काखेत तीन पायांचं घोडं. मला वाटलं, मोजणीवाली आली. ती आमच्या तळ्याकडे, बांधाकडे, मग वर बघून म्हणते, "मावशी, काय सुंदर अंधार आहे हो तुमच्याकडे!"

लोक घराचं कौतुक करतात, झाडांचं करतात. ही अंधाराचं करते. मी म्हटलं, "घे बाई हवा तेवढा. फुकट आहे, आणि संपतही नाही."

"संपणार आहे," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात तळ्याभोवती फिरायला रस्ता होतोय आणि खांबाखांबाला दिवे. मला पत्ता नाही! तळ्याकाठी राहते मी, आणि बातमी शहरातून येते.

ती रात्रीच्या आभाळाचे फोटो काढते. पोटासाठी लग्नातले काढते, आणि त्यातून सुटका झाली की आभाळाचे. मी म्हटलं, बरोबर आहे, इतक्या नवऱ्या बघितल्यावर माणूस आभाळाकडेच बघणार. खळखळून हसली. किती दिवसांनी या घरात माझ्या बोलण्याला कुणी हसलं. भिंती हसत नाहीत, कितीही गुदगुल्या करा.

तिला फोटो हवाय तो असा. आमच्या अंगणात कॅमेरा ठेवायचा. समोर पाणी, पलीकडे बांध, बांधाच्या वर ध्रुव. कॅमेरा रात्री कितीतरी वेळ उघडझाप करत राहणार, आणि ध्रुवाभोवती सगळे तारे फिरून त्यांची वलयं उमटणार. जात्याभोवती पीठ पडतं तशी. दोन वर्षं ती असल्या जागेसाठी वणवण करतेय. कुठे ढग, कुठे धुकं, कुठे लोकांचे दिवे. एका मोठ्या प्रदर्शनाला पाठवायचाय, मुदत महिनाअखेर.

वरची खोली दिली. रिकामीच आहे, चिरंजीवांच्या शाळेच्या कपाटासकट.

मग ती म्हणाली, "मावशी, फक्त रात्री अंगणातला दिवा बंद ठेवाल ना?"

आणि मी म्हटलं, "बटण बिघडलंय गं. हात लावला की झटका बसतो."

तोंडातून निघूनच गेलं. बटणाला काय धाड भरलीय, ठणठणीत आहे. पण म्हटलं, एका रात्रीत काम झालं तर उद्या चालती होईल. पाहुणा आला आणि तोंड धुऊन गेला, हे घराला शोभत नाही. जरा गंमत. दोन दिवसांनी बटण आपोआप बरं होईल.

१३ तारीख, शुक्रवार

हिचं नाव मी घुबड ठेवलंय. तोंडावर सांगितलं, राग नाही. उलट म्हणते, घुबड हुशार असतं. मी म्हटलं, असेल, पण भात दुपारी कोण खातं उठल्या उठल्या?

रात्री अंगणात खुर्ची टाकून बसते, मीही शाल घेऊन बसते. काय वाट्टेल ते बोलतो. ती कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र दाखवते. आभाळ निळंशार, त्यात तारे सांडलेले, आणि एका कोपऱ्यात आमच्या दिव्याचा पिवळा डाग, अंड्यातल्या बलकासारखा. "बघा ना मावशी," म्हणते, आणि उसासा टाकते. मी म्हणते, "अरेरे." फार छान म्हणते मी अरेरे. नाटकात जायला हवं होतं.

तिने दिव्यावर पोतं बांधायचं म्हटलं. मी म्हटलं, पोतं पेटेल. तिने बल्बच काढते म्हटलं. मी म्हटलं, शिडी वस्तीवर गेलीय. शिडी माझ्या खाटेखाली आहे.

ध्रुवाचं मला नव्याने कळलं. शाळेत बाई म्हणायच्या, ध्रुव अढळ, त्याला केवढं मोठं स्थान मिळालं. आम्ही सगळ्या मुली माना हलवायचो. काल चित्रात बघितलं तर बाकी सगळे गोल गोल फिरतायत, कोण मोठ्या फेरीत, कोण लहान फेरीत, आणि हा मधे एकटा खिळा ठोकल्यासारखा. मी म्हटलं, "याला कुणी विचारलं का, बाबा, तुला कंटाळा येत नाही?"

घुबड म्हणाली, "तोही थोडासा हलतो मावशी. आपल्याला दिसत नाही इतकंच."

तिचा फोन वाजत नाही. मी लक्ष ठेवून नाही, पण घर लहान आहे, न वाजलेलं कळतं.

१५ तारीख, रविवार

पकडले गेले.

चिरंजीवांचा फोन येऊन गेला (खोके पाठवतोय, भांडी त्यात भरायची), मी सवयीने बाहेर आले, आणि रोजच्यासारखं टक् करून अंगणातला दिवा मालवला. मागे वळते तर घुबड जिन्यावर बसलेली. सकाळी सकाळी! रात्री झोपलीच नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "झटका नाही बसला?"

म्हटलं, "रविवारी बसत नाही."

हसेल वाटलं, हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्हाला अंधाराची भीती वाटते का?"

मी लगेच म्हटलं, "हो." पळवाट दिसली की मांजरही शिरतं. पण ती इतकं मनावर घेईल हे माहीत नव्हतं. माझ्या शेजारी येऊन बसली, हात हातात घेतला, म्हणाली, "माझंच चुकलं. मी विचारायला हवं होतं. एकट्या राहता तुम्ही."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. चोराला पकडायचं आणि वर त्याची समजूत काढायची, ही कुठली रीत? ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे पाच दिवस गेले माझ्यापायी. महिनाअखेर काय दूर आहे?

म्हटलं, उद्या रात्री मी स्वतःच्या हाताने दिवा मालवते. तू शेजारी असलीस की भीती नाही.

ते मात्र खोटं नव्हतं, असं आता लिहिताना वाटतंय.

१६ तारीख, सोमवार

उद्या अमावास्या, आज चंद्र उगवेल तो उजाडताना. आभाळ धुतलेल्या ताटासारखं.

दुपारी घुबड म्हणाली, "पलीकडच्या वॉचमनकाकांना सांगून येऊया का, आज दिवा बंद असेल म्हणून?"

मी म्हटलं, "त्याला काय सांगायचं? त्याच्या कानाशी ढोल वाजवले तरी कूस बदलेल. तो आणि आपला दिवा, काय संबंध?"

"त्यांच्या चौकीचा बल्बपण आहे."

"तो मिणमिणता. त्याच्यापेक्षा काजवा बरा."

बरं म्हणाली.

१७ तारीख, मंगळवार

रात्रीचं सगळं सरळ लिहिते.

जेवणं झाल्यावर मी दिवा मालवला. चार वर्षांत रात्रीचा पहिल्यांदा. हे रात्रपाळीला असायचे तेव्हा पद्धत होती, संध्याकाळी दिवा लावायचा, सकाळी उठले की मालवायचा. बांधावरून त्यांना दिसायचा. ते गेल्यावर ती पद्धत मोडायचं कारण सापडलं नाही, म्हणून चालूच राहिली.

तर मालवला. आधी अंगण गेलं, मग फाटक, मग माझे हात. मग हळूहळू आभाळ खाली आलं. पाण्यात तारे. इतकी वर्षं तळ्याकाठी राहून मी पाण्यात तारे पाहिले नव्हते, आमच्याच दिव्याने झाकलेले. घुबड कुजबुजली, "हलू नका." कॅमेरा टिकटिक करायला लागला.

फार वेळ झाला नसेल. पलीकडे चौकीपाशी एक उजेड हलला. बांधावरून पळत निघाला. बांध उतरला, काठाकाठाने यायला लागला, मधेच खाली गेला, परत वर आला. सायकलची घंटी. आणि मग ओरडणं, "वहिनी! ओ वहिनी!"

घुबड किंचाळली, "टॉर्च बंद करा! काका, टॉर्च!"

तो कशाचा ऐकतोय. फाटक ढकलून आत, टॉर्च इकडे मारतोय, तिकडे मारतोय, भिंतीवर, कॅमेऱ्यावर, शेवटी माझ्या तोंडावर. धापा टाकत होता. एका पायात चप्पल नाही. गुडघा फुटलेला.

मी म्हटलं, "काय झालं? बांध फुटला?"

"दिवा," तो म्हणाला. "दिवा गेला ना तुमचा."

"गेला नाही, मालवला."

"मालवला?"

"बटण असतं त्याला."

तो खाली पायरीवरच बसला. म्हणाला, "मग ठीक." पाणी दिलं तर ते हनुवटीवरूनच जास्त सांडलं. घुबड कॅमेऱ्यापाशी उभी, पाठ आमच्याकडे. रडत असावी. त्याला तेव्हा कळलं की आपण काय केलं. उठून हात जोडले, "बाई, मला माहीत नव्हतं." तिने मान हलवली. मग टॉर्च विझवून, सायकल हाताने ढकलत, ठेचकाळत अंधारातून परत गेला. आणखी उजेड नको म्हणून.

मी रागाने म्हटलं, "याला आजच जाग यायची होती!"

घुबडाने चित्र दाखवलं. तारे होते. खाली चौकीपासून आमच्या दारापर्यंत उजेडाची एक वेडीवाकडी रेघ, मधे एक गाठ. पडला तिथे.

"मावशी," ती म्हणाली, "झोपलेला माणूस इतक्या लवकर येतो का?"

मी चहाचं आधण ठेवलं. रात्री कुणी चहा पितं का? पण ठेवलं.

१८ तारीख, बुधवार

डोळ्याला डोळा नाही. सकाळी मलमाची डबी घेऊन बांधावर गेले. भांडायलाच निघाले होते, रस्ताभर वाक्यं जुळवत.

चौकी म्हणजे एक खुर्ची, एक बल्ब, एक खिडकी. रस्ता उजवीकडे, पंपघर डावीकडे. खुर्ची मात्र या दोन्हींकडे पाठ करून, खिडकीतून पाण्याकडे तोंड करून. मी तिथे बसून बघितलं. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे नेमकं आमचं अंगण.

तो दारात उभा. घरी गेला नव्हता.

म्हटलं, "रोज बघता?"

"ड्यूटी आहे."

"माझ्या दिव्याची?"

"तळ्याची. दिवा मधे येतो."

माझी जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, "किती वर्षं मधे येतोय?"

त्याने नखाने दाराचा रंग खरवडला. "दादा होते तोवर ते बघायचे. ते गेल्यावर कुणीतरी बघायला हवं ना. संध्याकाळी लागला की मी डबा उघडतो. सकाळी मालवला की घरी जातो."

"आणि माझ्या तापात?"

"त्या दिवशी मालवलाच नाहीत तुम्ही. दुपार झाली. म्हणून सुईदोरा."

"सुई विसरलात."

"मला शिवता येत नाही वहिनी."

मी मलमाची डबी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "शिट्टी का वाजवत नाही हो? झोपलेलं वाटतं माणसाला."

"तुमची झोपमोड होईल."

मग जरा घसा खाकरून घुबडाचं सगळं सांगितलं, तिची मुदत सांगितली. तिला आणखी एक रात्र द्यायची तर माझाही दिवा बंद हवा आणि चौकीचा बल्बही. चौकीचा बल्ब गेला असं वहीत लिहीन, म्हणाला. पण चेहरा उतरलेलाच. "दोन्ही दिवे बंद, मग मला कळणार कसं, तुम्ही तिकडे..."

"मी तिकडे नसेनच," मी म्हटलं. "इथेच येऊन बसते, तुमच्या डोळ्यांसमोर. मग तर झालं?"

"लोक काय म्हणतील?"

"अंधारात बघतंय कोण? आणि लोक आहेत कुठे?"

त्याने तळ्याकडे असं बघितलं, जसं काही तिथे कुणी असेलच.

१९ तारीख, गुरुवार

ढग. घुबड दिवसभर खिडकीत. मी शिडी खाटेखालून काढून परत जागेवर ठेवली. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. गुणी आहे.

२१ तारीख, शनिवार

काल रात्री झालं एकदाचं.

कोवळी चंद्रकोर लवकर बुडाली. घुबड अंगणात कॅमेऱ्याशी. मी दिवा मालवून आधीच काठाकाठाने बांधावर. त्याने चौकीच्या बल्बवर डबा उपडा घातला होता, वर पोतं, वर आणखी एक पोतं. मी म्हटलं, "बल्बला थंडी वाजत होती का?"

बांधाच्या कठड्यावर बसलो. घुबडाची ताकीद होती, हलायचं नाही, काहीही पेटवायचं नाही, तिने लांबून हाक मारेपर्यंत. विडीसुद्धा नाही. बिचारा खिसा चाचपत राहिला.

मला न बोलता बसता येतं हे मलाच नवीन. मग मी विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाही. दिवसा झोपायलाच जातो."

इतक्या वर्षांची ओळख. यांच्याबरोबर कितीदा आमच्या कट्ट्यावर चहा प्यायला हा माणूस. त्याच्या घरी कोण आहे हे मी काल विचारलं. नाव मात्र ठेवून मोकळी झाले होते.

म्हटलं, "मी तुम्हाला मागे कुंभकर्ण म्हणते, ठाऊक आहे?"

"हो. दादांनी सांगितलं होतं."

"राग नाही आला?"

"नाव तरी ठेवता ना," तो म्हणाला.

 

पाण्यात मासा उडाला. तारे हलले, परत जागेवर आले. मग तो म्हणाला, "अठ्ठावीसला जाणार ना तुम्ही? तुमचा मुलगा मागच्या खेपेला चौकीवर येऊन गेला. म्हणाला, आई गेल्यावर घराकडे लक्ष असू द्या."

"मग?"

"हो म्हटलं. रिकाम्या घराकडे काय लक्ष ठेवायचं ते विचारायचं राहिलं."

थंडी होती. मी शालीचं एक टोक त्याच्याकडे सरकवलं. घेतलं नाही, पण सरकवून परतही केलं नाही. ते तसंच मधे कठड्यावर पडून राहिलं.

थोड्या वेळाने त्याला दुसरीच काळजी. "पुढच्या महिन्यात सगळीकडे दिवे लागणार. एवढ्या दिव्यांत तुमचा कोणता, ओळखायचं कसं?"

"लाल लावीन मी."

"लाल नको वहिनी."

"का?"

"नको."

"का पण?"

"लोकांना भलतंच वाटेल."

मला जे हसू फुटलं! हलायचं नाही, आवाज करायचा नाही, आणि पोटात कळ येईपर्यंत हसू. तोही हसायला लागला. त्याला हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. विहिरीत घागर बुडताना येतो तसा आवाज आहे.

"बरं, हिरवा लावीन," मी म्हटलं.

"हिरवा चालेल."

घुबडाची हाक आली तेव्हा मला वाटलं, इतक्यात? मग उठताना गुडघे बोलले, तेव्हा कळलं किती वेळ बसलो होतो.

घरी येऊन अंथरुणावर पडले आणि लक्षात आलं. पुढच्या महिन्यात मी इथे असणार कुठे? हिरवा लावीन म्हणे! या तोंडाचं काही खरं नाही. आधी सुटतं, मग मला कळवतं.

२२ तारीख, रविवार

घुबड सकाळी गेली. फाटकाशी मिठी मारली, पाठीवरच्या पिशवीसकट, म्हणजे मी निम्मी पिशवीलाच मारली. वरच्या खोलीत चादर इतकी नीट घडी करून ठेवलीय की कुणी आलंच नव्हतं असं वाटावं. मी मुद्दाम ती विस्कटून ठेवली.

चिरंजीवांचा फोन. "आई, खोके मिळाले? भरायला घेतलेस?"

"अठ्ठावीसला येऊ नकोस."

"का? काय झालं?"

"घरात काम काढलंय."

"आत्ता? कसलं?"

"लाइटीचं."

मग म्हणाला, "आई, खरं सांग. तू एकटी आहेस तिथे. रात्री-बेरात्री काही झालं तर कुणाला कळणार?"

"कळतं," मी म्हटलं.

"कुणाला?"

म्हटलं, "ज्याला कळायचं त्याला कळतं. पळतच येतो."

मग अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "मग खोलीचं काय? रंग दिलाय आम्ही. तुझ्या आवडीचा."

त्याने रंग मला विचारून दिला नव्हता, पण आवडीचा म्हणजे आठवून दिला असेल. म्हटलं, "येईन ना रे. पाहुणी म्हणून येईन. चांगली आठ दिवस राहीन, सूनबाईंना पळवून लावीन." तेव्हा हसला. थोडंसं, पण हसला.

फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं. आपण केलं ते बरोबर की चूक, कळत नाही. भांडी खोक्यात भरली नाहीत, एवढं खरं. खोक्यात कांदे ठेवले.

२५ तारीख, बुधवार

घुबडाचा फोन. आवाजच सांगत होता. फोटो तिला हवा तसा उतरलाय. ध्रुव बांधाच्या मधोमध वर, त्याच्याभोवती वलयंच वलयं, तीच उलटी पाण्यात. आज पाठवून देतेय प्रदर्शनाला.

"फक्त एक आहे मावशी. बांधाच्या कठड्यावर दोन ढेकळं दिसतायत. काळी. मागच्या ताऱ्यांच्या रेघा तेवढ्याच जागी तुटल्यात. मिनिटात पुसता येतील. पुसू का?"

"केवढी आहेत?"

"मुंगीएवढी. मोठं करून बघितलं तरच दिसतात. इतक्या वेळात जराही हलली नाहीत, हे मात्र कमाल आहे."

म्हणजे ती ढेकळं हसताना हलली हे कॅमेऱ्याला कळलं नाही. बरं झालं.

मी म्हटलं, "राहू दे. लोकांना दगड वाटतील."

"बरं." मग तिला राहवेना. "त्या दोन दगडांच्या मधे ना मावशी, एका ताऱ्याची रेघ आलीय. अगदी नेमकी. म्हणजे मधे तेवढी फट आहे."

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. इतकी फट नव्हती. पण कॅमेऱ्याशी कोण भांडणार?